बसलंय का कोणी इथे?

"बसलंय का कोणी इथे?" हे वाक्य पुण्यात ज्या स्वरात उच्चारलं जातं, तो ऐकून बाहेरगावचा माणूस दचकतो. तो प्रश्न नसतोच मुळी. खुर्ची ओढता ओढता विचारतात, उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. आणि आधीपासून बसलेला माणूसही मान वर न करता आपली बशी चार बोटं मागे घेतो. झाली ओळख! पुढची पंधरा मिनिटं दोन अनोळखी माणसं गुडघ्याला गुडघा टेकवून समोरासमोर खातात, आपापले पैसे गल्ल्यावर देतात आणि जिना उतरून गर्दीत नाहीशी होतात.

मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की ही चार बोटं मागे सरकलेली बशी पुण्याने गेल्या सव्वाशे वर्षांत कमावलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. आणि सध्या ती आपण हौसेने, वर पैसे मोजून, घालवायला निघालो आहोत.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे मंडईजवळचं एक हॉटेल. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढच्याच रविवारी तिथे कॅमेरे पोचतील. वरच्या मजल्यावर आहे. जिना लाकडी, अंधारा, कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. वर सात-आठ टेबलं, त्यातली तीन खिडकीला लागून. टेबल चौघांचं, म्हणजे चौघांनी मिळून वापरायचं. आपण दोघं असलो तर उरलेल्या दोन खुर्च्यांवर आपला काही हक्क नाही. पोहे सातपासून, मिसळ आठनंतर, चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मिसळीबरोबर पाव मागितला तर पोऱ्या तो देतो, पण देताना असं बघतो की पुढच्या वेळी आपण मुकाट स्लाइस घेतो. चहा अजून कपबशीतून येतो.

आणि खिडकीतून मंडई. फुले मंडईचा तो अष्टकोनी मनोरा, खाली पसरलेली छपरं, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडलेले कोथिंबिरीचे आणि मेथीचे ढीग, नारळवाले, केळीवाले. घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी सकाळी टेम्पो लागतातच आणि पाट्या उतरतातच. वरून बघितलं की एक गंमत कळते. आत उंच ओट्यांवर बसलेल्या भाजीवाल्या खालून गिऱ्हाइकाला राणीसारख्या दिसतात. वरून मात्र दिसतं की त्या सकाळपासून एकाच मांडीवर बसून आहेत, पाय सोडायला जागा नाही. मी रविवारी भाजी घेते, पिशव्या पायाशी ठेवते आणि पाऊण तास तिथे बसते. आमच्या शनिवार पेठेतून, वीर मारुतीपासून चालत निघालं तर अप्पा बळवंत चौक, विश्रामबागवाडा, तुळशीबागेचा बोळ असं करत वीसेक मिनिटं लागतात. जवळ नाश्त्याला काही नाही असं नाही. केसरीवाड्यापाशी प्रभा आहे, मुंजाबाच्या बोळात बेडेकर आहेत. पण भाजी घेऊन झाल्यावर, घामेजलेल्या अंगाने, भाजी विकणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसांबरोबर बसून खाण्यात जी बात आहे, ती तिथे मिळत नाही.

(आमच्या ठाण्याच्या मावशीचा प्रश्न आलाच असेल ओठावर : "घरी पोहे करता येत नाहीत का?" येतात. मावशी, तुझ्यापेक्षा बरे येतात.)

तशी मंडई मुळात आमचीच, हेही सांगून टाकते. आज जिथे शनिवारवाड्याची तिकिटं फाडतात आणि पोरं फोटो काढतात, त्या पटांगणात पूर्वी पुण्याचा भाजीबाजार भरायचा. उघड्यावर, उन्हापावसात. पेशवाई गेली, वाडा जळाला, आणि त्याच्या दिल्ली दरवाजासमोर वांगी-बटाटे विकले जाऊ लागले. काळाने घेतलेला इतका खमंग सूड क्वचित बघायला मिळतो. मग नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधली आणि १८८६ साली बाजार तिकडे गेला. तिला नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. या इमारतीवर एवढा पैसा ओतायला नगरपालिकेतच ज्यांनी विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचं नाव बदललं आणि ते ठेवलं महात्मा फुल्यांचं! ज्या वास्तूला विरोध केला तिच्यावरच नाव कोरलं जाणं ही खास पुणेरी श्रद्धांजली म्हणायची. पण मला ते नाव आता योग्य वाटतं, आणि त्याचं कारण इमारतीत नाही, आजूबाजूच्या हॉटेलांत आहे.

कारण मंडई बांधून चारच वर्षं झाली होती तेव्हा, १८९० साली, याच गावात काही प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात धरला, कोणी तसाच ठेवला. हा घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली. झालं! गावात ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, आणि टिळक-रानड्यांसारख्या माणसांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. एका कप चहासाठी. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायच्या योग्यतेचा माणूस (रानडे १८९३ साली झालेच), आणि त्याने चहा कुठे, कोणाच्या हातचा प्यायला, हा सबंध शहराचा प्रश्न!

आपण हे हसण्यावारी नेतो. शाळेत मास्तरांनी सांगितलं तेव्हा आम्हीही हसलो होतो. पण मिशनच्या चहाचा गवगवा झाला कारण पिणारे मोठे होते. ज्यांना कपच लांबून, वरून ओतून मिळायचा, किंवा ज्यांचा कप हॉटेलाबाहेर खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा, त्यांची नावं कोणी छापली नाहीत. आपल्या घटनेत समतेच्या हक्काच्या कलमात, अनुच्छेद १५ मध्ये, दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा अगदी नाव घेऊन उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग यावरून तिथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही असं लिहिलं आहे. एवढ्या थोर ग्रंथात चहाच्या हॉटेलाची गोष्ट का यावी? ज्यांनी तो मसुदा घडवला त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून. माणूस माणसाला कुठे अडवतो ते त्यांनी स्वतः भोगलं होतं.

आमच्याच घरातलं सांगते. माझे आजोबा हॉटेलात जायचे ते चोरून. घरी आल्यावर तोंडाला कांद्याचा वास येऊ नये म्हणून बडीशेप खाऊन यायचे, आणि आजी तो बडीशेपेचा वास आला की सगळं समजायची. आजी स्वतः मंडईत आयुष्यभर गेली. भाजी तिच्याइतकी घासाघीस करून कोणी आणली नसेल. पण तिने कधी हॉटेलाची पायरी चढली नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी दोन पिशव्या घेऊन, घसा कोरडा पडलेला, तरी घरी येऊन माठातलं पाणी प्यायची. "कोणाच्या शेजारी बसावं लागेल सांगता येतं का?" हे तिचं वाक्य. ती दुष्ट नव्हती. भाजीवालीच्या पोरीच्या लग्नात तिने चांगलं लुगडं दिलं होतं. दिलं, पण जेवली नाही. हे दोन्ही एकाच बाईत सुखाने नांदत होतं, आणि मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आज्यांमध्ये नांदत होतं.

तर अशा घरातली मी, त्या आजीची नात, आज रविवारी एकटी जाऊन जिथे जागा मिळेल तिथे बसते. समोर कधी टेम्पोचा ड्रायव्हर, कधी तुळशीबागेतला विक्रेता दुकान उघडायच्या आधी आलेला, कधी पेपर वाचणारे पेन्शनर. बरेचदा हमाल. आमच्यात फार बोलणं होत नाही हे आधीच सांगते. "एका टेबलावर बसून मनं जुळली" वगैरे चित्र मला रंगवायचं नाही. बहुतेक वेळा "साखर द्या इकडे" आणि "निघालो" एवढंच. एकदा एकाने माझ्या पिशवीत डोकावून "ही वांगी भरताची न्हाईत, बिया निघतील" असं न विचारता सांगितलं. निघाल्या. पण मैत्री व्हावी ही अट नाहीच. अनोळखी राहूनही एका टेबलावर खाता येणं, त्यात काही विशेष न वाटणं, मला त्याचंच मोल वाटतं.

आणि ते अजून पुरतं झालेलं नाही, हे मला दोन वर्षांपूर्वी समजलं. मी एका हमाल गृहस्थांच्या समोर बसले होते. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून मांडीवर ठेवलेलं, वड्याबरोबर दुसऱ्यांदा सँपल मागवलेलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आमच्या ओळखीच्या एक बाई, शिकलेल्या, चार देश हिंडून आलेल्या, मोठ्याने म्हणाल्या, "अगं, तिथे कुठे बसलीस? इकडे ये, इथे आपली माणसं आहेत."

आपली माणसं! त्या टेबलावरच्या दोघांना मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांची 'आपली' कशावरून ठरली होती ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजलं, कोणी जात उच्चारायची गरजच पडली नाही. समोरच्या गृहस्थांनाही समजलं. ते सँपल फुंकत होते ते थांबले आणि माझ्याकडे न बघता अगदी सहज म्हणाले, "जावा की ताई. जागा हाय तिकडं." त्या सहजपणाने मला जास्त लागलं. राग असता तर बरं वाटलं असतं. किती वेळा ऐकलं असेल म्हणजे माणूस एवढा सराईत होतो?

मी म्हटलं, "माझा चहा इथे सांगितलाय." बस, एवढंच घडलं. चहा आला. मी प्यायले. ते वडा संपवून उठले, "निघालो" म्हणाले. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. १८९० आणि आज यांच्यामध्ये आपण जेवढं अंतर आहे असं धरून चालतो, तेवढं त्या दोन टेबलांमध्ये नव्हतं.

या गावात त्याविरुद्ध झटलेली माणसंही आहेत, त्यांची आठवण इथे न काढणं बरं नाही. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा'साठी महाराष्ट्र पालथा घातला, आणि त्यांच्याच हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. ओझी वाहणाऱ्याला परवडेल अशी झुणका-भाकर. पाणवठा आणि भाकर, दोन्हीकडे त्याच माणसाचं लक्ष जावं हा योगायोग नाही. एकत्र पाणी पिणं आणि एकत्र खाणं यांपाशी येऊनच आपलं घोडं कायम अडलेलं आहे. भाषणात समता सगळ्यांनाच जमते.

आता जरा बायकांविषयी, कारण इथे माझं त्या हॉटेलाबद्दलचं प्रेम थोडं आखडतं. खिडकीतून दिसणाऱ्या भाजीवाल्यांपैकी एकही मला वर टेबलावर बसलेली आजवर दिसलेली नाही. त्यांचा चहा खाली जातो. पोऱ्या तारेच्या स्टँडमध्ये ग्लास घेऊन फिरतो. नाश्ता म्हणजे घरून बांधून आणलेली भाकरी, ती गिऱ्हाईक सांभाळत तिथेच, ओट्यावर. मी एकदा एकीला विचारलं, माझी नेहमीची पालेभाजीवाली, "वर का नाही येत हो पोहे खायला?" ती म्हणाली, "गाळा कुणाच्या जिवावर सोडू?" आणि मग हसून, "आन् तितं समदे बाप्येच की." खरं आहे. मी वर बसते तेव्हा बहुतेक वेळा मी एकटीच बाई असते. मला ते जमतं कारण माझ्या मागे पेन्शन आहे, शिक्षण आहे, 'मॅडम' आहे. टेबल सगळ्यांसाठी उघडं असणं आणि सगळ्यांना तिथे पोचता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची सोय अजून पुण्यात कुठल्याच हॉटेलाने केलेली मी बघितलेली नाही. पूर्वी हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, पडदा लावलेली. बाईने हॉटेलात यायचं ते कुटुंब होऊन, पडद्याआड. तो पडदा गेला याबद्दल मात्र कोणी गळा काढू नये.

मग मी कशाबद्दल गळा काढते आहे? तर या टेबलाबद्दल. २०२० साली करोनात हॉटेलं बंद झाली, ऑक्टोबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडली तेव्हा खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या होत्या. ते गरजेचंच होतं, त्यावर तक्रार नाही. पण तेव्हा लागलेली सवय बऱ्याच ठिकाणी साथ ओसरल्यावरही राहिली. "शेअर करावं लागेल" म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, "मग पार्सलच द्या" म्हणतात. पार्सल घेणाऱ्या टोप्या-जाकीटवाल्या मुलांची रांग तर आता जिन्यातच असते. ती मुलं इतकं अन्न वाहून नेतात आणि स्वतः उभ्याने वडापाव खातात, ही आजची हमाली. पुन्हा आपल्याला तिच्याशी समोरासमोर बसायला नको!

दुसरीकडे प्रसिद्ध मिसळीच्या दारात रविवारी तासभर नंबर लावून उभे असलेले लोक. चांगल्या मिसळीसाठी उभं राहण्यात वाईट काही नाही, मीही राहते. पण तिथे येणारा सगळा ग्रुप एकाच सोसायटीतला, एकाच कंपनीतला, त्यांना टेबलही जोडून हवं, आणि वाट बघणाऱ्यांच्या नजरा पाठीत रुतत असल्यामुळे खाल्लं की ऊठ. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला जमिनीखालून मेट्रो येते. पिंपरी-चिंचवडची माणसं गाडी कुठे लावू ही चिंता न करता थेट मंडईत उतरतात. मला याचा आनंदच आहे, पेठांना बाहेरचं वारं लागलेलं बरं असतं. फक्त या गर्दीकडे बघून हॉटेलवाल्यांच्या डोक्यात जे नूतनीकरण शिरतं, त्याची मला धास्ती आहे.

कारण आमच्या या हॉटेलच्या मालकांनीही बेत केला आहे. खिडकीची तीन टेबलं काढायची, तिथे दोघादोघांची छोटी टेबलं टाकायची, मध्ये कुंड्या. 'मार्केट व्ह्यू' म्हणे. बाकीच्यांसाठी मागच्या भिंतीला तोंड करून एक लांब फळी, उभ्याने खायला. म्हणजे मंडई बघायची कोणी, तर जे मंडईत काम करत नाहीत त्यांनी. आणि जे रात्री दोनपासून तिथे ओझी उतरवत आहेत त्यांनी भिंतीकडे बघत पोहे खायचे. त्यांची अडचणही खरी आहे, तेही मान्य करते. भाडं वाढलंय, तेल-डाळीचे भाव सगळ्यांना ठाऊक आहेत, मुलाला हा धंदा करायचा असेल तर त्यात चार पैसे दिसायला हवेत. चहावर पाऊण तास खिडकी अडवून बसणारी माझ्यासारखी गिऱ्हाइकं धंद्याला काही उपयोगाची नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं नाही, पण बघितलं तसं.

मी त्यांना म्हटलं, पोह्यांचे दहा रुपये वाढवा, आम्ही देऊ. हमालांना आणि खाली ओट्यावर बसणाऱ्यांना जुन्याच दराचं कूपन द्या. नवी टेबलं हवीत तर जरूर करा, पण चौघांची करा, आणि कुंड्या ठेवा गॅलरीत. मधोमध कुंडी ठेवली की पलीकडचा माणूस दिसत नाही. आणि जमलं तर सकाळी एक टेबल खालच्या बायकांसाठी धरून ठेवा, गाळ्यावर तेवढा वेळ कोणाला तरी बसवायचं बघू आम्ही. शेजारी उभा असलेला पोऱ्या म्हणाला, "मी बसतो की."

मालक हसले. म्हणाले, "बघू, सुताराला विचारतो." दिवाळीनंतर काम सुरू होणार आहे.